दुपट्ट्याखालचा पंजा

मी बाबूसिंग दलालाच्या खांद्यावरचा दुपट्टा. बोलायची मला सवय नाही, आणि खरं सांगायचं तर हक्कही नाही. माझं काम झाकायचं. माझ्याखाली दोन हात भेटले की जे ठरलं ते तिथंच राहायला पाहिजे, या एकाच अटीवर बाजाराने मला इतकी वर्षं मान दिला. आज मी ती अट मोडून बसलोय. का मोडली ते ऐकलंत तर बरं. नाही ऐकलंत तरी माझं काही जात नाही; जायचं होतं ते गेलं.

माझा जन्म कुठल्या मागावर झाला ते मला माहीत नाही. पांढरा सुती कपडा, दोन्हीकडे लाल काठ, एवढीच माझी ओळख. आठवण सुरू होते ती नेरच्या बैलबाजारातल्या धुळीपासून. बाबूसिंगांनी मला पहिल्यांदा खांद्यावर टाकलं तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. पुढं दोघंही पिकलो, ते पांढरे होत गेले आणि मी पिवळा.

बैलांचा सौदा तोंडानं होत नाही, हे तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, दलाल दुपट्टा हातांवर टाकतो आणि खाली बोटं धरली जातात. एक बोट, दोन बोटं, पुरा पंजा. वर चेहरे कोरे असतात. कुणी पान चघळतो, कुणी बैलाचे दात बघितल्यासारखं करतो. आजूबाजूच्या दहा जणांना भाव कळत नाही, म्हणून कुणाची पत जात नाही आणि कुणाची जिरतही नाही. माझ्याखाली मी माणसांचे खरे हात पाहिले. तोंडानं मग्रूर असलेल्यांचे घामेजलेले तळवे पाहिले.

कधी कधी घेणारा उलटायचा. बैल दावणीला बांधल्यावर म्हणायचा, "म्या एवढा भाव देलाच नोयता." साक्षीदार कुठला असणार? मी असायचो, पण मला कोण विचारतं. अशा वेळी बाजाराची एक रीत होती. दलाल भांडायचा नाही. "फरक माह्याकडून," एवढंच म्हणायचा आणि मधला फरक आपल्या पदरचा भरायचा. एकदा भरला की त्यावर अवाक्षर काढायचं नाही. मग बाजारातला सर्वांत जुना दलाल उठायचा आणि सगळ्यांदेखत फरक भरणाऱ्याच्या हातावर हात मारायचा. झालं. त्या एका टाळीनं कोण खरा आणि कोण खोटा ते अख्ख्या बाजाराला कळायचं. उलटलेल्या माणसाला पुढच्या बाजारी कुणी दुपट्ट्याखाली हात देत नसे.

बाबूसिंगांनी असा फरक दोनदा भरला. दोन्ही वेळा ते आपल्या बंजारा तांड्यावर परतले ते जिंकल्यासारखे.

मग त्यांचे गुडघे गेले, बाजारात ट्रॅक्टरचे दलाल आले, आणि मी खुंटीवर आलो. खुंटीवरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. एकदा मला भाकरी बांधायला नेलं, एकदा वासराच्या जखमेवर गुंडाळलं. वापर संपलेल्या वस्तूची माणसं अशीच चौकशी करतात, की हिच्यात अजून काय काय बांधता येईल.

मला पुन्हा खाली उतरवलं ते उर्वशीनं. बाबूसिंगांची ही नात यवतमाळला कॉलेजात शिकली. तिथं ती बेसबॉल खेळायची. गंमत अशी, की ही पोर भारी दचकरी. कुकरची शिट्टी झाली की उडायची, मागून हाक मारली की हातातलं भांडं सोडायची. मैदानावर बॅटचा आवाज झाला की तिथंही दचकायची म्हणे, पण चेंडू मात्र सुटायचा नाही. दचकतच धावायची आणि दचकतच पकडायची.

कॉलेज संपलं, मैदान सुटलं. तेव्हा संघातल्या जुन्या सहा जणांनी एक खेळ सुरू केला, आणि तो उभा केला उर्वशीनं. त्यात ना बॅट होती ना चेंडू. सगळे खेळाडू लॅपटॉपात. कुणाच्या हातात किती जोर, कुणाची नजर कशी, कोण किती पळतो, याचे आकडे तिनं एकेकासाठी बसवले होते. सहा जणांचे सहा संघ. मोसम सुरू होण्याआधी सगळे एकत्र जमत आणि बारीबारीनं आपापले खेळाडू निवडत. याला ते ड्राफ्ट म्हणत. निवड झाली की मोसमभर लॅपटॉप सामने खेळवायचा आणि हे सहा जण आपापल्या गावी बसून मोबाइलवर धावांचे हिशेब बघत एकमेकांना शिव्या द्यायचे. खेळाडूंची नावं उर्वशीनं आजोबांच्या बैलांवरून ठेवली होती. ढवळ्या, सर्ज्या, बांड्या. खेळाचा सगळा कारभार तिच्याकडे, म्हणून सगळे तिला कमिशनरबाई म्हणायचे, आणि चिडवण्यासाठी म्हणत असले तरी तिला ते फार आवडायचं. घरीदारी जिचं बोलणं कुणी पुरतं ऐकून घेत नव्हतं, तिनं "बारी आयुषची" म्हटलं की पाच माणसं गप्प बसायची. तिच्या शब्दाला किंमत होती ती एवढ्या एका जागी.

त्या वर्षी मोठा पेच आला. दर मोसमाला काही नवे खेळाडू लॅपटॉप आपणच बनवायचा; या खेपेला त्यानं एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, जन्माला घातला. उर्वशीनं त्याचं नाव चांद्या ठेवलं. त्याचे आकडे असे, की ज्याच्याकडे चांद्या त्याचा मोसम. पहिली बारी कुणाची, यावरून मोबाइलवर आठवडाभर भांडण झालं. एकानं दुसऱ्याला गुपचूप पाठवलेला निरोप तिसऱ्यानं सगळ्यांना दाखवला. "तू तं चोर हायेस," इथपर्यंत गेलं.

तेव्हा ती आजोबांच्या खाटेशी येऊन बसली.

"दादा, मले तुमचा दुपट्टा पाह्यजे," ती म्हणाली. तांड्यावर आजोबांना दादा म्हणतात.

"कायले? बैल घेतं का?"

"बेसबॉलवाला घ्याचा हाय." तिनं सगळं समजावून सांगितलं. "ज्याले पहिली बारी पाह्यजे, त्यानं तिच्या बदल्यात पुढच्या फेऱ्यांतल्या आपल्या बाऱ्या सोडाच्या. किती सोडतो, ते बोटावर सांगाचं. जो जास्त सोडन, त्याची पहिली बारी. हरला त्याचं बोट कोनाले कळणार नाही, म्हणून भांडण नाही."

म्हातारा हसला. पण शिकवलं मनापासून. बोट कसं धरायचं, पंजा कसा दाबायचा, घेणारा डोळ्यांत बघू लागला तर आपण कुठं बघायचं.

"माहा हात कापते, दादा."

"कापते तं कापू दे. घेणाऱ्याचा बी कापते. अन् छोरी, मधात बसणाऱ्यानं स्वतः बैल घ्याचा नसते, हे ध्यानात ठेव."

तिनं ध्यानात ठेवलं. पहिल्या बारीसाठी ती स्वतः बोली लावणार नव्हती. ही पोर ऐकलेलं सगळं ध्यानात ठेवते, हाच तिचा घात.

ड्राफ्ट बाभुळगावला नयनच्या खोलीवर भरला. नयन म्हणजे विठ्ठलरावांचा मुलगा. खाली त्यांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान, वर ही खोली. इंटरनेट त्याचं, कूलर त्याचा, चहा त्याच्या घरचा. असा माणूस खेळात नुसता खेळाडू राहत नाही, थोडा मालकही होतो, आणि बाकीच्यांना ते कळलेलं असतं. आयुष तर खाली त्यांच्याच दुकानात काउंटरवर बसायचा. प्रियंका उर्वशीची कॉलेजपासूनची मैत्रीण, होस्टेलला एका खोलीत राहिलेली. आणखी दोघं राळेगावहून आले होते.

सुरुवातीलाच खाली दुकानात कुणीतरी डबा आपटला आणि उर्वशी बसल्या जागी उडाली.

"गेल्या, कमिशनरबाई गेल्या," नयन म्हणाला. "अवं, थो औषधाचा डबा होता, बॉम्ब नाही." सगळे हसले. तीही हसली. मग तिनं मला हातांवर टाकलं आणि खोली गप्प झाली. कितीतरी वर्षांनी माझ्याभोवती बाजारासारखी शांतता झाली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

एकेक जण आला. प्रियंकानं एक बोट धरलं. राळेगावचे दोघं नुसतेच हात घालून हसून गेले. आयुषनं दोन बोटं धरली, पण अशी, की धरावी की नाही हे अजून ठरायचं होतं. शेवटी नयन आला. त्यानं हात घातला आणि पुरा पंजा दाबला. पाच. म्हणजे पुढच्या पाच फेऱ्यांत तो कुणालाच निवडणार नाही, आणि त्या पाच जागा शेवटी उरलेल्या गाळातून भरेल. उर्वशीनं खात्रीसाठी पंजा उलट दाबून विचारलं. त्यानं पुन्हा दाबला. त्याचा हात गरम आणि कोरडा होता. तिचा कापत होता, हे खरं. पण पंजा आणि तीन बोटं यांतला फरक आंधळ्यालाही कळतो.

"पहिली बारी नयनची," ती म्हणाली. कितीला ते रीतीप्रमाणे सांगितलं नाही. ते त्याच्या बाऱ्या आल्या की आपोआप कळणार होतं.

नयननं चांद्या घेतला. टाळ्या वाजल्या. दुसरी आणि तिसरी फेरी झाली, त्यांत नयन बसून राहिला. मग चहा आला.

चहाच्या वेळी नयननं मला थट्टेनं स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि दलालाच्या ऐटीत जिन्यात जाऊन उभा राहिला. मागून आयुष आला.

"माहंच चुकलं बे," आयुष म्हणाला. "म्या दोनच बोटं धरलती."

"दोन?" नयन हसला. "दोनच धरली तुनं? अबे, मंग मले तीनमंदीच भेटला असता न चांद्या. फुकटचा पंजा देला."

आयुषही हसला. मग नयननं बोटांवर काहीतरी मोजलं. मी त्याच्या खांद्यावर होतो, तो खांदा किंचित हलला. बाजारात उभ्या आयुष्यात मी तो हलका झटका ओळखायला शिकलोय. माणूस उलटायच्या आधी खांदा तसा हलतो.

चहा संपला. चौथ्या फेरीतही तो बसला, कारण एक, दोन, तीन अशा तीन बाऱ्या त्याच्या हिशेबानंही जायच्याच होत्या. पाचवी फेरी आली तेव्हा त्यानं लॅपटॉपावर बोट ठेवलं. "ढवळ्या माहा."

"नयन, तुझी बारी नाही अजून," उर्वशी म्हणाली.

"काहून नाही? तीन झाल्या न माह्या."

"तीन नाही. पाच. तू पंजा दाबला होता."

"म्या तीन बोटं धरली." तो शांतपणे म्हणाला. चिडून बोलला असता तर कुणाला शंका आली असती. "तीन धरली वं. तुह्या हाताले केवढा कापरा भरला होता, तुले काय समजलं असन काय माईत."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं.

"दोनदा दाबला," उर्वशी म्हणाली. "मी उलट विचारलं, तू पुन्हा दाबला."

"डब्ब्याचा आवाज झाला तं पोट्टी फूटभर उडते," नयन सगळ्यांकडे बघत म्हणाला, "अन् हिच्या हिशेबानं म्या दोनदा पंजा दाबला."

ती आयुषकडे बघत होती. का कोण जाणे. त्याला काय ठाऊक आहे हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पण दचकऱ्या माणसांना चेहरे लवकर वाचता येतात. आयुष मोबाइलमध्ये बघत होता. मोबाइल बंद होता. काळ्या काचेत त्याला काय दिसत होतं तो जाणे. जिन्यात ऐकलेलं एक वाक्य त्यानं म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण सकाळी त्याला खाली काउंटरवर बसायचं होतं.

मी उर्वशीच्या मांडीवर परत आलो होतो. मी काय केलं? तेच, जे मी जन्मभर केलं. गप्प पडून राहिलो.

आणि मग त्या पोरीनं ती चूक केली, जी फक्त बैलबाजारातल्या दलालाची नातच करू शकते.

"बरं," ती म्हणाली. "घे तुझी बारी. या फेरीत अन् पुढच्या फेरीत मी नाही निवडत. माह्या दोन बाऱ्या गेल्या. फरक माह्याकडून."

एवढं बोलून ती थांबली. मान ताठ, ओठ मिटलेले. मी तिच्या बोटांत होतो आणि तिची बोटं आता अजिबात कापत नव्हती. ती वाट बघत होती. तिला वाटलं, आता खोली समजेल. आता कुणीतरी उठेल.

प्रियंका म्हणाली, "अवं, म्हणजे तुझंच चुकलं होतं न? मंग आधीच सांगाचं. कायले एवढा तमाशा?"

उर्वशीनं तिच्याकडे पाहिलं. होस्टेलला जिच्यासाठी ती ताट झाकून ठेवायची, त्या पोरीकडे. फरक भरल्यावर बोलायचं नसतं, ही रीत तिला आजोबांनी शिकवली होती. बाजारात त्या गप्प बसण्याचा अर्थ "मी खरा" असा होता. त्या खोलीत त्याचा अर्थ "मी कबूल" असा झाला. तेच शब्द, तीच मिटलेली जीभ, आणि चार भिंती बदलल्या की सगळं उलटं.

"जाऊ द्या न बे," नयन मोठेपणानं म्हणाला. "चूक कोनाची होत नाही? माफ केलं आपण तिले."

माफ केलं. हे त्यानं म्हटलं आणि राळेगावच्या दोघांनी माना डोलावल्या. मी कपडा आहे, मला राग येत नाही असं माणसं धरून चालतात.

ड्राफ्ट शेवटपर्यंत तिनंच चालवला. "बारी आयुषची," ती म्हणायची. पण आता तिच्या प्रत्येक वाक्यामागून प्रियंका स्वतः एकदा मोजून बघत होती.

घरी आल्यावर बाबूसिंगांनी खाटेवरूनच विचारलं, "कसा झाला सौदा?"

तिनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं मधे एकदाही टोकलं नाही.

"फरक भरला?"

"भरला."

"मंग हातावर हात कोनं मारला?"

"कोनीच नाही, दादा."

"मंग थो बाजार नोयता, छोरी," ते म्हणाले. "म्या तुले बोटं शिकवली. बाजार पारखाले शिकवाचं रायलं."

त्यानंतर तिला कमिशनरबाई कुणी म्हटलं नाही. दोन आठवड्यांनी निरोप आला, की यापुढं बोली मोबाइलवरच लावू, म्हणजे गडबड नको. आणि हिशेब प्रियंका बघेल. त्यात "वाईट वाटून घेऊ नको" असंही होतं, पुढं एक हसरा चेहरा. तिनं बसवलेले सगळे आकडे, सगळे खेळाडू तिनं एका फाइलीत घालून पाठवून दिले. पुढच्या निरोपात विचारलं होतं, तू खेळणार नसशील तर तुझा संघ नयनच्या आतेभावाला देऊ का? तिनं "द्या" लिहिलं. चांद्यानं नयनला मोसम जिंकून दिला, हे तिला कळलं तसं मलाही कळलं. ती बातमी वाचून ती माझ्या खुंटीखाली भिंतीला पाठ टेकून बसली होती.

वर्ष गेलं. नव्या मोसमाच्या आधी प्रियंका स्कूटीवरून तांड्यावर आली. चहा पिऊन झाल्यावर जरा घुटमळली.

"तो दुपट्टा हाय का गं तुझ्यापाशी? नयन म्हणते, आपल्या लीगची ती ट्रॅडिशनच हाय. फोटोत पाह्यजे त्याले."

"खेळाले पाह्यजे?"

"नाही वं. बोली तं मोबाइलवरच. फोटोपुरता."

मला वाटलं, आता तरी ही पोर काहीतरी बोलेल. एखादं वाकडं, झोंबणारं. तिनं मला खुंटीवरून काढलं, साबणानं धुतलं, वाळवलं, आणि घडी घालताना काठ काठाला नीट जुळवला. मग तिनं आजोबांकडे पाहिलं.

"नेऊ दे," बाबूसिंग म्हणाले. "आता झाकाले काय ठेवलं त्याच्यात."

तेव्हापासून मी इथं आहे, बाभुळगावला, नयनच्या खोलीत, कूलरच्या वरच्या खिळ्याला. माझ्यामागं लीगच्या नावाचं रंगीत फ्लेक्स आहे. ड्राफ्टच्या दिवशी मला खाली काढतात. नयन आणि आयुष माझ्याखाली हात घालतात आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतात. खाली हात मोकळे असतात. कुणी कुणाचं बोट धरत नाही. बघायला येणाऱ्यांना नयन सांगतो, की ही आमची जुनी पद्धत, विश्वासावर चालणारी. ती आणली कुणी, हे अजून कुणी विचारलेलं नाही. अशा वेळी आयुष पाणी आणायला खाली जातो.

उर्वशीची खबर मला प्रियंकाच्या बोलण्यातून लागते. तांड्यावर दोन घरांत बांधावरून वाद झाला. शिकलेली आहे, दोन्हीकडच्यांचं ऐकून घेईल, म्हणून तिला मधे बसायला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "मले नका टाकू मधात. माह्या म्हणण्याचं काही खरं नसते." प्रियंका हे हसत सांगत होती. तिला यात हसण्यासारखं काय दिसलं, ते मला उमगलं नाही.

तर हे माझं आयुष्य. मला परत न्या, धुवा, खांद्यावर टाका, असलं काही मी मागत नाही. जीर्ण झालोय, काठाकडून विरत चाललोय, दोन पावसाळ्यांत संपेन. एवढंच मागतो. तुमच्यासमोर कधी कुणी वाद न घालता आपल्या पदरचं देऊन गप्प बसलं, तर तो माणूस खरा की खोटा हे तुम्हाला लगेच कळणार नाही. विचारायचं धाडस होत नसेल तर विचारू नका. निदान त्याला माफ तरी करू नका.